यमुनाबाईंचा मूळ खाजा

२४ ऑक्टोबर २००६, भाऊबीज

लावला बोर्ड त्याने! बाजारात, ऐन तिठ्यावर. आठ फूट लांब, लाल अक्षरं — ‘यमुनाबाईंचा मूळ मालवणी खाजा.’ खाली बारीक — ‘आमची कुठेही दुसरी शाखा नाही.’

नाही? मग मी कोण? चोवीस वर्षं चुलीपुढे कोण बसली? सुदेश धाकटा दीर माझा. याच्या हाताला कधी गुळाचा चटका बसलेला नाही. आम्ही जत्रेत कढई लावायचो तेव्हा हा तराजू घेऊन बसायचा, आणि गर्दी सरली की पानाच्या टपरीवर. यमुनाबाई म्हणजे सासूबाई. त्यांनी पाक शिकवला तो मला. माझ्या लेकीचे, दिव्याचे बाबा आणि मी तो पुढे चालवला. ते गेले, सासूबाई गेल्या, आणि हा आता मूळवाला झाला.

बोर्डावर मधोमध सासूबाईंचा फोटो आहे. तो फोटो माझ्या ओळखीचा. दिव्याच्या बारशातला. त्यात त्यांच्या शेजारी मी उभी होते. मला कापून काढलंय. पण नीट कापता आलं नाही मेल्याला — माझा खांदा आणि हिरव्या बांगड्या राहिल्यात. भर बाजारात माझा खांदा लटकतोय, डोकं नाही.

२५ ऑक्टोबर

जिरवणार. कशी ते माहीत नाही. पण जिरवणार.

३ नोव्हेंबर

जत्रांचा सीझन सुरू. आता शिवरात्रीपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही. आज या देवळात, परवा त्या देवळात. कढई, लाकडं, बेसन, गूळ, आलं, सगळं टेम्पोत घालायचं आणि निघायचं. खाजेवाल्याचं वर्ष म्हणजे हे चार महिने. बाकीचे आठ महिने आम्ही याच्यावर जगतो.

कट्टा गावाकडच्या जत्रेत पहिलाच घाणा काढला. एक बाई आली, नवऱ्याला म्हणाली, हय नको, ओरिजिनल ता बाजारात गावता. माझ्या तोंडावर! गरम पाकाचा कालथा हातात होता. देवळासमोर होते म्हणून तो परत कढईत घातला.

६ नोव्हेंबर

दिव्या कॉलेजात कॉमर्सला आहे. तिला हे जाहिरातीचं शिकवतात. आज तिने वहीचं पान भरून आणलं. बोर्ड, पत्रकं, केबलवर पट्टी, जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर, मोबाइलवर मेसेज, डब्यावर लेबल, रिक्षाच्या मागे जाहिरात, असल्या नऊ गोष्टी. मी म्हटलं, बाये, माका हात दोनच. पाक उतरवू की मेसेज पाठवू? एक मिनिट नजर हलली तर गूळ करपतो. सीझन नसतो तेव्हा वेळ असतो, पण तेव्हा गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक असतं तेव्हा वेळ नसतो. तुझ्या सरांना सांग हे.

ती रागावली नाही. विचार करत बसली. मग आठ गोष्टींवर काट मारली आणि म्हणाली, ‘आये, एकच करूया. पण ती चुकायची नाय.’

बोर्ड करायचा ठरला. मजकूर मी लिहिणार म्हणून मी हट्ट धरला.

८ नोव्हेंबर

मजकूर घेऊन भरड नाक्यावर रोनाल्डच्या प्रेसमध्ये गेले. रोनाल्ड माझ्या माहेरच्या शेजारातला, लहानपणापासून ओळखतो. त्याने चष्मा लावला आणि वाचत बसला. मी लिहिलं होतं — सन १९८२ पासून स्वतःच्या हाताने पाक करणारी, कै. यमुनाबाईंची थोरली सून, जिला यमुनाबाईंनी स्वतः शिकवलं, बाजारातील लबाड लोकांपासून सावध राहावे, ज्यांना पाकाची तार कळत नाही त्यांनी मूळ म्हणवून घेऊ नये, फोटो कापून माणूस कापता येत नाही... अशा सतरा ओळी. एक ओळ सुदेशच्या पानटपरीवरही होती.

रोनाल्ड म्हणाला, सुभद्रा, ह्यो बोर्ड न्हय, कोर्टातलो अर्ज.

दिव्या तोंडावर ओढणी धरून हसत होती. कार्टी! मग मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही. दिव्याचं म्हणणं — गर्दीत कोणी सतरा ओळी वाचत नाही. एका हातात पोर, दुसऱ्या हातात ओटीचं ताट. त्याला चालता चालता कळलं पाहिजे. तुझं भांडण त्याच्या डोक्यावर घालू नकोस, त्याला खाजा हवाय.

एकेक ओळ खोडताना जीव जात होता. शेवटी चारच शब्द राहिले. ‘आधी खा, मग घे.’ सुदेशचं नाव कुठेच नाही. मला तो बोर्ड अळणी वाटला.

१४ नोव्हेंबर

चालला! अळणी बोर्ड चालला!

दिव्या पुढे उभी. ताटात गरम खाज्याचे तुकडे. येईल त्याच्या हातावर एक. आल्याचा वास सुटलेला. लोक खातात, थांबतात, घेतात. बोलायचंसुद्धा काम नाही. माझा हात कढईत, डोळा पाकावर, आणि समोर रांग. कागदी पिशवीवर दिव्याच्या मोबाइलचा नंबर शिक्क्याने उठवलाय — तो शिक्का आदल्या दिवशी दुपारी बसून मारून ठेवायचा, म्हणजे जत्रेत त्याचा ताप नाही. कणकवलीचा एक मास्तर खाऊन गेला तो परत आला, भावाला घेऊन. असला खाजा लहानपणी आईबरोबर जत्रेत खाल्ला होता म्हणाला. मी म्हटलं, तोच हा. सासूबाईंचा फोटो दाखवायला नाही माझ्याकडे, पण जिभेला कळलं ना.

चार वाजता सगळा माल संपला. असं कधी झालं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

तरी तो बोर्ड तिथेच आहे. बाजारात जायचं म्हणजे आपल्याच खांद्याखालून जायचं.

२२ नोव्हेंबर

राधाबाई सुदेशच्या दुकानासमोर मासे विकायला बसते. आज दारावर आली, बांगड्याचा वाटा दिला आणि सगळं ओतलं. त्याचा खाजा दगड झालाय म्हणे. कोणी आचारी ठेवलाय, पाक फार पुढे नेतो. पण चाकरमानी येतात, फोटो बघून हात जोडतात, यमुनाबाईंचा म्हणून चार चार खोके मुंबईला नेतात. खाऊन दात दुखले तर मुंबईत दुखणार, तक्रार करायला इथे कोण येतंय!

म्हणजे वाईट करूनही त्याचं चालणार. आणि मुंबईत लोक म्हणणार, यमुनाबाईंच्या खाज्याची गोडी गेली. सासूबाईंचं नाव घालवतोय तो. दिव्या म्हणते, आये, आपला खपता मां, मग सोड. कसं सोडू? माझा खपतो हे पुरेसं नाही मला. त्याचा पडून राहिला पाहिजे. त्याने खोके डोक्यावर घेऊन घरी नेले पाहिजेत आणि मी वाटेत उभी असली पाहिजे.

लिहिलं ते लिहिलं. वहीशी काय खोटं बोलायचं.

२७ नोव्हेंबर

आज कळलं त्याच्या डोक्यात काय आहे.

शिक्क्याची शाई आणायला रोनाल्डकडे गेले. टेबलावर प्रूफ पडलेलं. सुदेशचं. ‘आंगणेवाडीच्या जत्रेला चला! यमुनाबाईंचा मूळ खाजा, देवळाच्या वाटेवर.’ आणि वर मोठ्या अक्षरात ‘दिनांक’ — पुढे जागा कोरी. दहा हजार छापायचीत. रोनाल्डने पटकन वर कागद ठेवला, पण मी वाचायचं ते वाचलं.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगात नसते. देवीचा कौल होतो, मग गावकरी तारीख जाहीर करतात. तोपर्यंत कोणाला माहीत नाही, कितीही मोठा असो. आणि एकदा जाहीर झाली की मुंबईत एकच धावपळ — गाडीचं तिकीट, रजा, खासगी बस. लाखांनी माणसं येतात. आम्हा खाजेवाल्यांचा अर्धा सीझन त्या एका जत्रेत. तारखेचा पहिला कागद ज्याच्या हातून घरात जातो, तो कागद लोक देव्हाऱ्यात, आरशावर, दारामागे लावून ठेवतात जत्रेपर्यंत. त्यावर ज्याचं नाव, त्याच्याकडे माणूस आपसूक ओढला जातो. दिव्याने जी एकच गोष्ट म्हटली होती, ती मेल्याने बरोबर शोधली. हुशार आहे, ते मान्य.

रोनाल्ड म्हणाला, तारीख कळली की त्याच दिवशी छापून दुसऱ्या दिवशी लक्झरी बसने मुंबईला. सगळ्यांच्या आधी. तारीख कुठून कळते म्हणून सुदेश रोज चार माणसांना विचारत फिरतोय.

रोज विचारत फिरतोय!

२८ नोव्हेंबर

तारीख हवी ना तुला? देते.

दुपारी दिव्या कॉलेजात. दार लावून घेतलं. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आणलेलंच होतं. कुठली तारीख द्यावी सुचेना. मग डोळे मिटले आणि बोट ठेवलं. उघडून बघितलं. बरी होती, पटण्यासारखी. ती तारीख इथे लिहीत नाही. देवीच्या नावावरचं खोटं कागदावर नको. पण तोंडाने बोलणार.

२९ नोव्हेंबर

राधाबाईचं माहेर मसुऱ्याचं. आंगणेवाडी तिच्या उंबऱ्यावर. तिच्या तोंडून आलेली तारीख कोणीही खरी मानणार. आणि राधाबाईला काही गुपित म्हणून सांगितलं की दवंडीवाला नको.

सुरमईची घासाघीस करता करता म्हटलं, राधाबाय, आंगणेवाडीची तारीख आतून ठरली म्हणतत, तुका कळली असतलीच. तिला काहीच माहीत नव्हतं, पण माहेरची असून कळलं नाही असं कशी म्हणेल? म्हणाली, कळली तर. मी तारीख बोलले. ती म्हणाली, ताच माझ्या भावान सांगल्यान. मी म्हटलं, कोणाक सांगा नको हां. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

सुरमईचा भाव तिने उतरवला नाही. मी दिला मागेल तेवढा.

३० नोव्हेंबर

अजून काही नाही.

२ डिसेंबर

छापली! दहाच्या दहा हजार! लाल शाईत!

रोनाल्डने सुदेशला विचारलं होतं, नक्की मां? हा म्हणाला, मसुऱ्याची आतली खबर आसा, पैज लाव. काल लक्झरीच्या टपावर गठ्ठे चढवले. लालबाग, परळ, भांडुप, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे माणसं लावलीत वाटायला. हे सगळं राधाबाईने मलाच गुपित म्हणून सांगितलं.

आज खाज्याला अशी तार आली, अशी तार आली! कढईशी बसून गाणं म्हणत होते. खरी तारीख जाहीर होईल तेव्हा त्याचं तोंड बघायचंय मला. लोक त्याला बाजारात उभा करून विचारतील, देवीची तारीख तू ठरवतंस काय रे? बोर्ड खाली काढावा लागेल. तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दहा हजार कागद! नाकावर टिच्चून जिरवली.

७ डिसेंबर

दिव्याला कळलं. राधाबाईनेच सांगितलं असणार, दुसरं कोण.

मला वाटलं ओरडेल. ती माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘आये, लोक त्या कागदार तिकिटां काढतले. म्हातारी माणसां येतली. देऊळ रिकामा बघतली.’

मी याचा विचारच केला नव्हता. खरंच केला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे फक्त सुदेश. परळच्या खोलीतली कोणी म्हातारी, नवस फेडायचा म्हणून वर्षभर पैसे साठवणारी, ती दिसलीच नाही. मी म्हटलं, खरी तारीख जाहीर झाली की कळेल सगळ्यांना. दिव्या म्हणाली, रिझर्व्हेशन परत मिळतं का तेव्हा? आणि उठून गेली. जेवली नाही.

उद्या जाऊन त्याला सांगते. सांगते की तारीख खोटी, कागद थांबव. त्याच्यासाठी नाही. त्या माणसांसाठी.

८ डिसेंबर

गेले. पदर खोचून, मनात शब्द जुळवून गेले.

बोर्डाखालून आत शिरले. सुदेश गल्ल्यावर. मला बघून उठला, खुर्ची दिली. म्हटलं, बरा वागतोय. पाणी मागवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला. म्हणाला, ‘वयनी, बरा झाला इलंस. आंगणेवाडीक माझ्या स्टॉलार कढई सांभाळ. तुझो हात बरो आसा. रोज देतंय.’

रोज देतो! मला! मजूर बाईला देतात तसा! सासूबाईंच्या फोटोखाली बसून, माझ्या खांद्याखाली बसून! वर म्हणतो, आचाऱ्याक जमना नाय, आणि तुझा काय, तुका बोर्ड नाय, नाव नाय, येकटी बाईल किती जत्रा करतलंस.

पाण्याचा पेला तसाच ठेवला. उठले. म्हटलं, बघतंय. एवढंच. तारखेचं अवाक्षर काढलं नाही.

चालता चालता घाटीच्या चढापर्यंत पोचले तेव्हा कळलं की मी सांगायला गेले ते सांगितलंच नाही. परत फिरले नाही. फिरायचंच नव्हतं.

९ डिसेंबर

भोगू दे.

१२ डिसेंबर

राधाबाईच्या भाच्याचा परळहून फोन. चाळीतल्या प्रत्येक दारावर सुदेशचा कागद. जिन्यात, वाण्याकडे, भजनी मंडळाच्या खोलीत. मंडळाने बस ठरवली त्या तारखेची. आपले लोक खूश आहेत म्हणे, यंदा इतक्या लवकर कळली.

राधाबाई हे सांगत होती आणि मी एकाच पिशवीवर दोनदा शिक्का मारला. दिव्या माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट धरून उभी राहते, लोकांना हसून खाजा देते, माझ्याकडे वळली की चेहरा बंद. तिने आपल्यासाठीही एक पत्रक तयार करून ठेवलंय. ‘आधी खा, मग घे. आंगणेवाडी.’ खाली तिचा नंबर. तारखेची जागा कोरी. खरी कळल्यावरच भरायची म्हणते. माझ्याकडे न बघता म्हणाली हे.

आपला कागद खरा असेल. उशिरा का होईना, खरा. त्याचा खोटा ठरला की लोक आपलाच धरतील. असं मी स्वतःला सांगते. बसवाले पैसे परत देतील. देतात ना?

देवीला मनातल्या मनात म्हटलं, माझा राग फक्त एका माणसावर आहे. बाकीच्यांचं तू सांभाळ.

१३ डिसेंबर

पाक करपला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. सगळा घाणा ओतून टाकला.

१७ डिसेंबर

तारीख जाहीर झाली. दिव्या स्टँडवरून धावत आली. धाप लागलेली. मला वाटलं रडतेय. म्हणाली, ‘आये, तीच.’

तीच. मी डोळे मिटून बोट ठेवलं ती. दिवस तोच, महिना तोच.

बाजारात लोक सुदेशला हार घालतायत. देवीने आधी त्याच्या कानात सांगितलं म्हणतायत. मुंबईत दहा हजार दारांवर कागद खरा ठरलाय, खाली त्याचं नाव. रोनाल्डकडे आता रांग आहे, आमच्या पत्रकाला आठ दिवस लागतील.

उद्या ओटी घेऊन आंगणेवाडीला जायचंय. तिच्यासमोर उभी राहून काय सांगू? खोटं बोलले म्हणू, की खरं?